प्राणवायूचा दुष्काळ ओळखावा कसा?

कर्करोगाची गांठ म्हणजे मोकाट वाढलेल्या पेशींचा समूह, एवढें बहुतेक श्रोत्यांस ठाऊक असेल. परंतु या गांठीच्या पोटांत कित्येक पेशी प्राणवायूवांचून गुदमरत असतात, आणि विलक्षण गोष्ट ही कीं, या अर्धमेल्या पेशीच रोग्यास अधिक घातक ठरतात. त्या ओळखाव्या कशा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पाटाचें पाणी शेतांत सोडलें म्हणजे तोंडाजवळचे वाफे तें भरपूर पितात आणि टोकाचे वाफे कोरडे राहतात. रक्तवाहिनींतून झिरपणाऱ्या प्राणवायूची गतहि तीच. इंग्लंडमध्यें टॉमलिन्सन आणि ग्रे यांनीं १९५५ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. जिवंत पेशींचा थर १८० मायक्रॉनपेक्षां, म्हणजे मिलिमीटरच्या पांचव्या हिश्श्यापेक्षां, जाड आढळला नाहीं. त्यापलीकडे सारा मृत भाग. या दोहोंच्या सीमेवर ज्या पेशी कशाबशा तग धरतात, तेथेंच सारी मेख आहे. किरणोपचारानें पेशीच्या आनुवंशिक द्रव्याची जी मोडतोड होते, ती कायम होण्यास प्राणवायु लागतो. तो नसेल तर तेंच काम साधण्यास किरणांची मात्रा जवळजवळ तिप्पट लागते. आणि तेवढी दिली तर शेजारचा निरोगी भाग होरपळून जाईल.

तेव्हां दुष्काळ कोणत्या गांठींत आहे, हें आधीं कळावयास हवें. गांठींत बारीक सुई खुपसून प्राणवायु मोजतां येतो. जर्मनींत होकेल, फाउपेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत तो मोजला. १९९६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, ज्या गांठींत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरांहून कमी, त्या रोग्यांचा परिणाम वाईट. केवळ शस्त्रक्रिया केलेल्यांतहि तो वाईटच होता. म्हणजे गुदमरलेली गांठ किरणांस दाद देत नाहीं इतकेंच नव्हे, तर ती जात्याच अधिक आक्रमक असते.

परंतु प्रत्येक गांठीपर्यंत सुई कशी पोंचणार? म्हणून पेशींनीं स्वतःच ठेवलेल्या खुणांचा शोध सुरू झाला. 'एच. आय. एफ.-१' नांवाचें एक प्रथिन प्राणवायु असतांना चटकन नष्ट होतें, आणि तो आटला म्हणजे सांठून अनेक जनुकांना जागें करतें. या यंत्रणेच्या उलगड्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांस २०१९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. जाग्या झालेल्या जनुकांपैकीं एक 'सी. ए.-९' हें प्रथिन घडवितें. गांठीच्या तुकड्यावर तें रंगवून दिसतें, म्हणून तें निदर्शक ठरलें. मात्र मूत्रपिंडाच्या एका प्रकारच्या कर्करोगांत जनुकदोषामुळें तें प्राणवायु असतांहि विपुल आढळतें. धूर दिसला म्हणजे अग्नि असेलच, हा न्यायशास्त्रांतला नियम येथें अपुरा पडतो.

एकच खूण फसवी ठरते, म्हणून शास्त्रज्ञांनीं जनुकांचे समूह निवडले. डेन्मार्कमध्यें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगावर किरणांबरोबर निमोराझोल हें औषध दिलें असतां ४९ टक्के रोग्यांत रोग जागच्या जागीं आटोक्यांत राहिला. औषध न घेणाऱ्यांत हें प्रमाण ३३ टक्के होतें. पुढें २०११ सालीं त्याच चांचणींतील गांठी पंधरा जनुकांच्या कसोटीवर तपासल्या, तेव्हां औषधाचा लाभ प्राणवायु कमी असलेल्या गांठींनाच झाल्याचें दिसलें. केवढी आशा वाटली असेल! परंतु ब्रिटनमध्यें सव्वीस जनुकांची कसोटी लावून केलेल्या, २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत, दुष्काळी ठरलेल्या गांठींवरहि त्या औषधाचा फायदा आढळला नाहीं.

यांत निराशेचें कारण नाहीं, सावधगिरीचें आहे. निमोराझोलनें मळमळ आणि वांती होते. ज्याला त्याचा उपयोग नाहीं, त्यानें ती कां सोसावी? रोग भयंकर आहे एवढेंच सांगणारी खूण रोग्याच्या पदरांत भीतीशिवाय कांहीं टाकीत नाहीं. कोणता उपचार कोणास द्यावा, हें जी सांगेल, आणि तें नव्या चांचणींत पुन्हां खरें ठरेल, तीच खूण डॉक्टरांच्या हातीं देण्यायोग्य. आपल्या देशांत तोंडाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें ग्रासलेलीं घरें थोडीं नाहींत. हा शोध कोठेंहि पुरा झाला तरी त्याची गरज येथेंहि तितकीच आहे.