अतिप्रश्न

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात प्रश्न विचारला म्हणून कोणाला शिक्षा झाल्याचे मला स्मरत नाही. मी मात्र तशी शिक्षा केलेली आहे. आजचा विषय निवडण्यामागे विद्वत्ता नसून ती एक आठवण आहे, हे श्रोत्यांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

१९८८ सालची गोष्ट. मूळचा मी पेडण्याचा. त्या वेळी डिचोली तालुक्यातील एका विद्यालयात भूगोल शिकवीत होतो. सातवीच्या वर्गात खाजन शेतीचा पाठ चालला होता. भरती आली की मानशीचे दार बंद होते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही, असे मी सांगितले. पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, दार कोण बंद करते?" मी म्हणालो, "भरतीच." "भरतीला कसे कळते?" वर्ग हसला. तो हसला नाही. त्याने तोच प्रश्न त्याच शब्दांत, त्याच स्वरात पुन्हा विचारला, आणि आणखी एकदा विचारला. हा माझी थट्टा मांडतो आहे अशी माझी समजूत झाली व मी त्याला तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभे केले.

खरे सांगायचे तर त्या दाराची घडण मला ठाऊक नव्हती. बाहेरचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने फळ्या आत ढकलल्या जाऊन चौकटीवर घट्ट बसतात. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब अधिक होतो आणि त्या आपोआप उघडतात. हे मी पुढे मांडवीकाठच्या एका वृद्ध शेतकऱ्याकडून शिकलो. मुलाचा प्रश्न बिनचूक होता; अपुरे होते ते माझे उत्तर.

तो मुलगा मोठा झाल्यावर एका डॉक्टरांनी त्याच्या स्थितीला स्वमग्नता हे नाव दिले. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून ही अवस्था वैद्यकाच्या नजरेस आणली. परिचित क्रम जसाच्या तसा राहावा ही त्या मुलांची व्याकूळ ओढ, आणि शब्दाचा शब्दशः अर्थ घेण्याची त्यांची रीत, या दोन्ही गोष्टी कॅनर यांनी नोंदविल्या होत्या. आपल्याकडे मात्र १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेला स्थान नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला एकवीस प्रकारांत स्वतंत्रपणे गणले.

स्वमग्न माणूस इतके प्रश्न का विचारतो? एकच कारण सांगणे धाडसाचे होईल. "थोड्या वेळाने जाऊ" हे वाक्य आपल्याला पुरते. त्याला ते अर्धवट वाटते, कारण थोडा वेळ म्हणजे किती मिनिटे हे त्यात नसते. म्हणून तो विचारतो. कधी उत्तर ठाऊक असूनही विचारतो. माझा हा विद्यार्थी साखळीची बस किती वाजता सुटते हे रोज विचारी, आणि वेळापत्रक त्याला माझ्याहून अधिक पाठ होते. तेथे त्याला माहिती नको असते. जग कालच्यासारखेच आहे ना, याची खात्री हवी असते. काहींना संवाद कसा सुरू करावा हे उमगत नाही, तेव्हा ओळखीचा प्रश्न हेच त्यांचे "नमस्कार, बरे आहात ना?" असते. आणि काही प्रश्न निखळ जिज्ञासेचे असतात; विचारणाऱ्याला समोरच्याच्या वयाचा, पदाचा वा लोकलाजेचा मुलाहिजा ठेवावा हे सुचत नाही, इतकेच. काही स्वमग्न व्यक्ती तर बोलतच नाहीत. त्यांचा प्रश्न हाताला धरून दाराकडे ओढण्यात असतो. उलटपक्षी, प्रत्येक चौकस मूल स्वमग्न असते असेही नव्हे.

ऐकणाऱ्यांची प्रतिक्रिया मात्र बहुधा ठरलेली. उद्धट आहे, डोके खातो, आईने लाडावून ठेवला. ही खोड जुनी आहे. कठोपनिषदातील नचिकेत्याने म्हाताऱ्या गायी दानात जाताना पाहून, "मला कोणाला देणार?" असे वडिलांना दोनदा, तीनदा विचारले, तेव्हा बापाने संतापून त्याला मृत्यूला देऊन टाकले. गार्गीलाही याज्ञवल्क्यांनी अतिप्रश्न न करण्याची ताकीद दिली होती. तिने त्याच सभेत पुन्हा उठून आणखी दोन प्रश्न विचारले हे आपण सोयीस्करपणे विसरतो. या थोरांना मी स्वमग्न ठरवीत नाही. तिसऱ्यांदा आलेला प्रश्न म्हणजे अवज्ञा, हे समीकरण किती जुने आहे एवढेच दाखवितो.

गोव्यातील स्वमग्न मुलांच्या कुटुंबांविषयी डॉ. गौरी दिवाण व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आरंभी ही कुटुंबे समाजापासून अंग काढून घेतात, बाहेर त्यांना भेदभाव सोसावा लागतो, आणि आरोग्य, शिक्षण व धर्म या तिन्ही क्षेत्रांतील मंडळींना या अवस्थेची जाण तोकडी आहे, असे त्यात आढळले. शिक्षण हा शब्द वाचताना मला तो व्हरांडा दिसला. त्याच वर्षी इंग्लंडमधील डेमियन मिल्टन या स्वत: स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने एक मार्मिक मुद्दा मांडला : न समजणे दुहेरी असते, त्यांना आपण कळत नाही तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. २०२० साली एडिंबरा येथील संशोधकांनी कर्णोपकर्णी गोष्ट पोहोचविण्याचा प्रयोग केला. स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. मिश्र साखळीत ती अधिक झिजली.

तेव्हा करावे काय? घरोघरच्या माता हे माझ्यापेक्षा चांगले जाणतात. उत्तर आकड्यात द्यावे, आणि दर वेळी त्याच शब्दांत द्यावे. शब्द बदलला की नवी शंका उपजते. फार वेळा आलेल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवावे. लईराईच्या जत्रेला जायचे तर गर्दी, ढोल, परतण्याची वेळ हे आदल्या दिवशी सांगावे. आणि आपल्याला ठाऊक नसेल तर "मला ठाऊक नाही, शोधून सांगतो" म्हणावे. शिक्षकाला हे शेवटचे सर्वांत जड जाते.

तो विद्यार्थी आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. डिचोलीच्या बाजारात भावाच्या दुकानाचा हिशेब तो पाहतो, आणि तो कधी चुकत नाही असे भाऊ सांगतो. काही वर्षांपूर्वी मी त्याची क्षमा मागितली. त्याने विचारले, "कशाची?" मी व्हरांड्याची आठवण दिली. त्यावर तो काही बोलला नाही. अजूनही मी दुकानात गेलो की मान वर न करता तो विचारतो, "सर, मानशीचे दार कोण बंद करते?"

मी दाब, फळ्या, चौकट असे सगळे क्रमाने सांगतो. एखादा शब्द गळला तर तो थांबवतो, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.