पडद्यामागचे सूर – भाग ६ : गहाण टाकलेला फ्लॅट आणि न्यूपोर्टची मुलं

गेल्या आठवड्यात आपण शीर्षकगीतांविषयी बोललो. ‘आभाळमाया’चं गाणं अशोक पत्कींनी त्या मालिकेसाठीच बांधलं होतं, त्यामुळे मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी ते तिचंच राहिलं. आजची गोष्ट नेमकी उलटी आहे. गाणं आधीच कुणीतरी स्वतःच्या हौसेनं आणि पदरचे पैसे घालून केलेलं असतं, आणि मालिकावाले ते वापरायला मागतात.

याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवरची ‘द ओ.सी.’. ५ ऑगस्ट २००३ रोजी ती सुरू झाली. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचवरची श्रीमंत घरं, त्यांतली पोरं, त्यांची प्रेमं आणि त्यांच्या आईबापांची लफडी असा सगळा मामला. लेखक जॉश श्वार्ट्‌झ तेव्हा सव्विशीत होता, आणि संगीताची निवड होती अलेक्झांड्रा पॅट्सावस यांच्याकडे. पडद्यावर त्यांच्या कामाला ‘म्युझिक सुपरवायझर’ म्हणतात. म्हणजे चाल लावायची नाही, वाद्यं वाजवायची नाहीत. कोणत्या प्रसंगाला कोणतं गाणं हे सुचवायचं, आणि मग ते गाणं रीतसर मिळवायचं. पॅट्सावस कॉलेजात असताना छोट्या बँडचे कार्यक्रम भरवत. पुढे कवडीच्या खर्चात सिनेमे काढण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रॉजर कॉर्मन यांच्या कंपनीत त्यांनी काम केलं. हाताशी पैसा नसताना चांगलं गाणं कुठून आणायचं, याचं यापेक्षा चांगलं शिक्षण मला तरी माहीत नाही.

‘रीतसर मिळवायचं’ हे वाटतं तितकं सोपं नसतं. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्दांची आणि चालीची. ती गीतकार-संगीतकाराची किंवा त्यांच्या प्रकाशकाची. दुसरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाची, जिला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. ती बहुधा रेकॉर्ड कंपनीच्या खिशात. मालिकेला दोन्हींकडून परवानगी लागते, आणि दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम मिळावी अशी अट करारात सर्रास असते. एकानं भाव वाढवला की दुसऱ्याचाही आपोआप वाढतो. नावाजलेल्या गाण्याला चार गीतकार आणि तीन प्रकाशक असले, तर एकाची सही राहिली म्हणून सगळं अडतं. इकडे भाग तर पुढच्या आठवड्यात दाखवायचा असतो!

स्वतंत्र बँडचं तसं नसतं. गाणं त्यांनीच लिहिलेलं, त्यांनीच वाजवलेलं, आणि मास्टर त्यांच्याकडे किंवा ओळखीच्या एखाद्या छोट्या लेबलकडे. एका फोनवर काम होतं, आणि पैसेही बेताचे लागतात. ‘द ओ.सी.’नं होतकरू कलाकारांना संधी दिली असं कौतुकानं लिहिलं जातं, ते खोटं नाही. पण निवडणाऱ्यांचा कान चांगला होता आणि माल स्वस्त होता, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या. त्यात कमीपणाही काही नाही.

बँडनाही गरज होतीच. १९९६ च्या कायद्यानं अमेरिकेत एका कंपनीनं किती रेडिओ केंद्रं घ्यावीत यावरची देशपातळीवरची मर्यादा उठली. क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रं गोळा झाली आणि गावोगावी तीच ती गाणी वाजू लागली. छोट्या लेबलला तिथे शिरकाव मिळणं मुश्कील. मालिकेनं मागचं दार उघडलं. सिएटलच्या बार्सुक लेबलवरचा ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ हा सेथ कोहेन या पात्राचा लाडका बँड. तो त्यांच्या नावाचा जप करायचा आणि बाकीची पात्रं त्याची टिंगल करायची. २००५ मध्ये हा बँड खुद्द मालिकेत येऊन वाजवून गेला. तोवर त्यांनी अटलांटिकसारख्या बड्या कंपनीशी करार केलेला होता.

मला मात्र त्यांच्यापेक्षा इमोजेन हीपची कहाणी जास्त बोलकी वाटते. ही लंडनची गायिका. तिचा पहिला अल्बम १९९८ चा. ज्या लेबलवर तो आला ते पुढे टिकलं नाही. मग ‘फ्रू फ्रू’ नावाची जोडी जमली आणि एका अल्बमनंतर तीही थांबली. पुढच्या अल्बमसाठी तिनं कंपनीच्या दारात उभं राहायचं नाही असं ठरवलं, राहता फ्लॅट गहाण टाकला, आणि लिहिणं, वाजवणं, मुद्रण सगळं स्वतःच केलं. एका संध्याकाळी स्टुडिओतला संगणक बंद पडला. रिकाम्या हातानं घरी जायचं नाही म्हणून तिनं समोरच्या हार्मोनायझरला माइक जोडला. या यंत्राची गंमत अशी, की आपण एक ओळ गायची आणि कीबोर्डवर जे सूर दाबू त्या सुरांत आपलाच आवाज अनेकपदरी होऊन निघतो. गिटार नाही, ढोल नाही. तिच्या एकटीच्या आवाजाचा जमाव. ते गाणं म्हणजे ‘हाइड अँड सीक’.

मे २००५ मध्ये ‘द ओ.सी.’च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात ते वाजलं. दोन भावांची जीवघेणी मारामारी चाललेली, मालिकेची नायिका मरिसा गोळी झाडते, आणि त्या क्षणी हा आवाज सुरू होतो. एरवी तिथे व्हायोलिनांचा कल्लोळ आला असता. इथे फक्त माणसाचा आवाज आहे, पण तो माणसाचा वाटत नाही. म्हणूनच तो प्रसंग लोकांच्या डोक्यातून गेला नाही. २००७ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’नं त्याचं असं विडंबन केलं, की काहींना ते मूळ प्रसंगाआधी आठवतं.

इंग्लंडमध्ये अल्बम यायला तेव्हा अजून काही आठवडे होते. तो आला तो तिच्या स्वतःच्या लेबलवर, मेगाफॉनिकवर. मास्टर तिच्याच ताब्यात, आणि गाणं लिहिलेलंही तिनंच. याला महत्त्व का, तर प्रक्षेपणाचा हिशेब वेगळा चालतो. भाग प्रसारित झाला की निर्माते ‘क्यू शीट’ भरतात: कोणतं गाणं, किती सेकंद, पार्श्वभूमीला की पडद्यावर, गीतकार कोण, प्रकाशक कोण. त्यावरून स्वामित्वधन वाटलं जातं. नाव चुकलं तर पैसे अडकतात. आणि अमेरिकेत प्रसारणाचे हे पैसे फक्त लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला नाहीत. दुसऱ्याचं गाणं नुसतं गाणारा इथे कोरडाच राहतो.

२००९ मध्ये जेसन डेरुलो या नवख्या गायकानं ‘हाइड अँड सीक’चा तुकडा घेऊन ‘व्हॉचा से’ काढलं. ते बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि गीतकारांच्या नावांत इमोजेन हीपचंही नाव होतं.

पुढच्या आठवड्यात या व्यवहाराची दुसरी बाजू. ‘डॉसन्स क्रीक’ ही अमेरिकन मालिका स्ट्रीमिंगवर आली तेव्हा पॉला कोलचं शीर्षकगीत गायब होतं, कारण मूळ करार तेवढ्यासाठी झालाच नव्हता. ते परत कसं आलं, आणि परत आलेलं गाणं नवं ध्वनिमुद्रण का होतं, ते पाहू.