पडले तरी नाक वर

ब्रिटनमधल्या स्थानिक निवडणुका साधारणपणे मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होतात. सकाळी ७ ते रात्री १० मतदान चालते. शाळा, चर्चची सभागृहे, क्वचित एखादा पब अशा ठिकाणी मतपेट्या मांडलेल्या असतात आणि मतदार दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने कागदी मतपत्रिकेवर फुली मारतो. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एखाद्या क्रीडासंकुलात लांबलचक टेबले लावून मोजणी होते. देशात सरकार हुजूर पक्षाचे असेल तर हुजूर पक्षाचे नगरसेवक पडतात, मजूर पक्षाचे असेल तर मजूर पक्षाचे. याला अपवाद आहेत, पण ते बोटांवर मोजण्याइतके. मग सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष दूरचित्रवाणीवर येतो आणि निकाल वाटले होते तितके वाईट नाहीत असे सांगतो. मतमोजणीइतकाच हाही त्या दिवसाचा ठरलेला विधी आहे.

सगळ्या स्थानिक परिषदांची निवडणूक एकाच वर्षी होत नाही. काही ठिकाणी चार वर्षांतून एकदा सगळ्या जागा भरतात, काही ठिकाणी चारपैकी तीन वर्षे दर वेळी एक तृतीयांश. त्यामुळे देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागात जवळजवळ दरवर्षी मतदान असते आणि सरकारला वार्षिक परीक्षा द्यावी लागते, तीही दर वेळी निराळ्या केंद्रावर.

या परिषदांकडे कामे कोणती? कचरा उचलणे, रस्त्यांवरचे खड्डे बुजवणे, ग्रंथालये, बांधकाम परवाने आणि सर्वांत खर्चाचे म्हणजे वृद्ध व अपंगांची देखभाल. नगरसेवकाला पगार नसतो, भत्ता असतो. मतदार मात्र फुली मारताना कचऱ्याचा विचार करतोच असे नाही. इराकमधले युद्ध, गॅसचे बिल, गृहकर्जाचे व्याज, पंतप्रधानांचे वागणे या सगळ्याचा हिशेब तो याच मतपत्रिकेवर मांडतो. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याची ही रीत इतकी रुळलेली आहे की तीस वर्षे इमानाने पथदिव्यांचा पाठपुरावा केलेला नगरसेवक परराष्ट्र धोरणापायी घरी बसतो आणि त्याचे कुणाला फारसे नवल वाटत नाही.

अभ्यासकांनी या वृत्तीला नाव दिले आहे. कार्लहाइन्झ राइफ आणि हेरमान श्मिट या दोन जर्मन अभ्यासकांनी १९८० मध्ये, युरोपीय संसदेच्या पहिल्या थेट निवडणुकीवर लिहिताना, ‘दुय्यम निवडणूक’ ही कल्पना मांडली. ज्या निवडणुकीने सरकार बदलत नाही तिच्यात मतदार सैल हाताने मत देतो. बरेचजण घरीच थांबतात. एरवी ज्यांना मत देण्याचे धाडस झाले नसते अशा छोट्या पक्षांना काहीजण मत देतात. आणि सत्ताधाऱ्यांना चिमटा काढायची संधी कुणी सोडत नाही. ब्रिटनमध्ये या निवडणुकांना बहुधा तीन-चार मतदारांमागे एकच जण बाहेर पडतो. रागावलेला माणूस पावसातही मतदान केंद्रावर जातो, समाधानी माणूस चहा घेत बसतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे थोडे उलटे वाटेल. इथे निधीच्या नाड्या राज्य सरकारच्या हाती असल्याने नगरपालिका आणि जिल्हा परिषदांत सत्तेतल्या पक्षाचे पारडे बहुधा जड राहते. तिकडे सत्ता हेच ओझे होते.

या लाटांवर कोण चढले आणि कोण बुडाले याचा उत्तम नमुना म्हणजे जॉन मेजर. १९६८ मध्ये हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारवर लोक इतके चिडले होते की लंडनच्या ३२ बरो म्हणजे नगर परिषदांपैकी २८ हुजूर पक्षाकडे गेल्या. मजूर पक्षाचा बालेकिल्ला समजला जाणारा लॅम्बेथही त्यांत होता. तिथल्या ब्रिक्स्टन भागातून पंचविशीतला एक बँक कर्मचारी निवडून आला, तो मेजर. १९७१ मध्ये पुन्हा मतदान झाले तेव्हा देशात सरकार हुजूर पक्षाचे होते, आणि मेजर पडले. तीन वर्षांत त्यांनी असे काय पुण्य केले आणि कोणते पाप केले, हे ब्रिक्स्टनच्या मतदाराला विचारण्यात अर्थ नव्हता. पुढे तेच मेजर पंतप्रधान झाले. ४ मे १९९५ या एका दिवसात त्यांच्या पक्षाने सुमारे दोन हजार नगरसेवक गमावले. जूनमध्ये त्यांनी स्वतःच पक्षनेतेपदाचा राजीनामा देऊन विरोधकांना समोर येण्याचे आव्हान दिले. जॉन रेडवुड यांना २१८ विरुद्ध ८९ मतांनी हरवून ते टिकले खरे, पण दोन वर्षांनी सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाचे पानिपत झाले.

किती जागा ‘गेल्या’ हा आकडा मात्र दिसतो तितका सरळ नसतो. तो चार वर्षांपूर्वीच्या निकालाशी ताडून काढलेला असतो. मागच्या वेळी छप्पर फाडून मिळाले असेल तर या वेळी घसरण ठरलेली, आणि मागच्या वेळी तळ गाठला असेल तर जराशी उसळीही विजयासारखी दिसते. १९९५ चा तळ होता म्हणूनच १९९९ मध्ये विल्यम हेग यांच्या हुजूर पक्षाला तेराशेच्या आसपास जागा वाढवता आल्या. त्या आनंदात दोन वर्षे गेली. २००१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत टोनी ब्लेअर पुन्हा प्रचंड बहुमताने आले. ही गफलत टाळण्यासाठी कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकेल थ्रॅशर ही अभ्यासकांची जोडी तसेच बीबीसीसाठी जॉन कर्टिस यांचा गट, सगळ्या देशाने त्या दिवशी मतदान केले असते तर कुणाला किती टक्के मते पडली असती याचा अंदाज काढतात. पक्षांचे प्रवक्ते सोयीनुसार कधी जागा मोजतात, कधी टक्के.

इथून सारवासारवीची कला सुरू होते. तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग मे १९९० चा. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने स्कॉटलंडमध्ये १९८९ ला आणि इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल १९९० ला पोल टॅक्स लागू केला होता. घराच्या किमतीवरचा कर जाऊन माणशी कर आला. सरदाराला आणि त्याच्या माळ्याला जवळजवळ सारखीच रक्कम. लंडनमध्ये त्यावरून दंगल झाली, आणि महिनाभरात स्थानिक निवडणूक आली. देशभर हुजूर पक्ष मागे पडला, पण लंडनमधल्या दोन परिषदा उलट्या दिशेने गेल्या. वॉन्ड्सवर्थमध्ये माणशी कर होता १४८ पौंड, वेस्टमिन्स्टरमध्ये १९५. देशाची सरासरी याच्या कितीतरी वर होती. वॉन्ड्सवर्थमध्ये १९८६ साली ३१ विरुद्ध ३० असे काठावर बहुमत होते, ते आता ४८ जागांवर गेले. पक्षाध्यक्ष केनेथ बेकर यांनी हे दोनच निकाल हाती धरले आणि कर कमी ठेवला तर मतदार पावतो, हाच या निवडणुकीचा अर्थ असल्याचे सांगत राहिले. चर्चा वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टरची झाली, इतरत्र पडलेल्यांची झाली नाही. नोव्हेंबरमध्ये थॅचर यांना पायउतार व्हावे लागले. १९९३ मध्ये पोल टॅक्सही गेला.

वेस्टमिन्स्टरच्या विजयाला आणखी एक शेपूट होते. १९८६ मध्ये सत्ता जाता जाता वाचल्यावर शर्ली पोर्टर यांच्या नेतृत्वाखालच्या परिषदेने अटीतटीच्या वॉर्डांमधली परिषदेची रिकामी घरे भाड्याने न देता विकायला काढली. घर विकत घेणारा हुजूर पक्षाला मत देईल हा त्यामागचा हिशेब. गरजूंची घरे मतांसाठी वापरल्याचे हे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायपीठापर्यंत गेले. २००१ मध्ये हे वर्तन बेकायदा ठरले आणि २००४ मध्ये पोर्टर यांनी तडजोडीने १ कोटी २३ लाख पौंड भरले. आदर्श म्हणून दाखवलेल्या परिषदेचा हिशेब असा निघाला.

बेकर यांच्यानंतरच्या प्रत्येक पक्षाध्यक्षाने एखादे वॉन्ड्सवर्थ शोधण्याची खटपट केली. मे २०२४ मध्ये हुजूर पक्षाने चारशेहून जास्त नगरसेवक गमावले, पण टीस व्हॅलीचे महापौर बेन हाउचेन वाचले. पंतप्रधान ऋषी सुनक तातडीने तिकडे अभिनंदनाला गेले. हाउचेन यांची मते मात्र २०२१ च्या सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांच्या आसपास आली होती, आणि निकालाच्या वेळी त्यांच्या कोटावर पक्षाचा निळा बिल्लाही नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेस्ट मिडलँड्सचे महापौर अँडी स्ट्रीट १,५०८ मतांनी पडले.

दुसरी युक्ती म्हणजे आधीच वाईट भविष्य वर्तवून ठेवणे. हजार जागा जातील असे सांगायचे, मग सातशे गेल्या की सुटकेचा निःश्वास टाकायचा. २०२३ मध्ये हुजूर पक्षाचे अध्यक्ष ग्रेग हँड्स तज्ज्ञांचा हवाला देऊन हजारांचा आकडा घोकत राहिले. मतदाराने त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. हजाराहून थोड्या जास्तच जागा गेल्या. तिसरी युक्ती नम्रतेची: आम्ही ऐकले, आम्ही शिकलो, हा मध्यावधीचा काळ असतोच. चौथी, संदेश पोहोचवण्यात कमी पडलो. धोरणच चुकले, असे म्हणणारा प्रवक्ता मात्र त्या दिवशी दूरचित्रवाणीवर सहसा दिसत नाही.

पंतप्रधानांना या निकालांनी थेट काढता येत नाही, पण खुर्चीचे पाय डगमगतात. मे २००६ मध्ये तीनशेहून जास्त जागा गेल्यावर ब्लेअर यांनी दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री चार्ल्स क्लार्क यांना काढले आणि जॅक स्ट्रॉ यांना परराष्ट्र खात्यातून हलवले. २००९ मध्ये गॉर्डन ब्राउन यांच्या काळात डर्बीशर, लँकेशर, नॉटिंगहॅमशर आणि स्टॅफर्डशर या चारही काउंटी परिषदा गेल्या आणि मजूर पक्षाकडे इंग्लंडमध्ये एकही काउंटी परिषद उरली नाही. २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या घोळात थेरेसा मे यांनी तेराशेवर जागा गमावल्या, आणि तीन आठवड्यांत राजीनामा जाहीर केला. २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या काळात वॉन्ड्सवर्थ १९७८ नंतर प्रथमच आणि वेस्टमिन्स्टर १९६४ मधल्या स्थापनेनंतर प्रथमच मजूर पक्षाकडे गेले. बेकर यांच्या शोभेच्या दोन्ही फुलदाण्या एकाच रात्रीत फुटल्या. दोन महिन्यांनी जॉन्सनही गेले.

अपवादांचीही एक गंमत आहे. थॅचर यांनी १९८३ आणि १९८७ मध्ये मे महिन्यातले स्थानिक आकडे पारखून जूनमध्ये सार्वत्रिक निवडणूक घेतली आणि दोन्ही वेळा जिंकली. हे गणित पक्के असते तर मे २०१७ मध्ये सत्तेत असून साडेपाचशेवर जागा मिळवणाऱ्या थेरेसा मे यांनी जूनमध्ये मैदान मारायला हवे होते. त्यांचे होते ते बहुमतही गेले.

कधीकधी राग असा काही रूप घेतो की तो कोणत्या रकान्यात मांडावा हे अभ्यासकांनाही कळत नाही. नेपोलियनच्या युद्धकाळात हार्टलपूल बंदरात वाहून आलेल्या माकडाला फ्रेंच हेर समजून फाशी दिल्याची दंतकथा आहे. तिथल्या फुटबॉल क्लबचे बोधचिन्ह म्हणून माकडाचा वेश घालणारे स्टुअर्ट ड्रमंड २००२ मध्ये शाळकरी मुलांना फुकट केळी देण्याचे आश्वासन देऊन महापौरपदाला उभे राहिले. ब्रिटिश संसदेत हार्टलपूलचे प्रतिनिधित्व तेव्हा ब्लेअर यांचे विश्वासू पीटर मँडेलसन करत होते. ड्रमंड जिंकले, आणि नुसते जिंकले नाहीत तर २००५ आणि २००९ मध्येही निवडून आले. २०१२ मध्ये एडिनबरोतल्या एका वॉर्डात पेंग्विनचा वेश घातलेल्या अपक्ष उमेदवाराला, देशात सत्तेत भागीदार असलेल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारापेक्षा जास्त पहिल्या पसंतीची मते पडली. त्यावर ‘संदेश पोहोचवण्यात कमी पडलो’ हे उत्तर देणेही अवघडच.

मे २०२५ मध्ये हा सगळा क्रम थोडा विस्कटला. केअर स्टार्मर यांचे मजूर सरकार येऊन वर्षही झाले नव्हते. त्या पक्षाने १८० हून जास्त जागा गमावल्या, ते रिवाजाला धरून झाले. पण विरोधात असलेल्या हुजूर पक्षाने त्याच्या तिपटीहून जास्त गमावल्या आणि ताब्यातली एकही परिषद त्याला राखता आली नाही. २०२१ मध्ये तो ज्या शिखरावर होता तिथून खाली येणे भागच होते, आणि चौदा वर्षांच्या सत्तेचा राग अजून शिळा झाला नव्हता. दोघांच्या हातून निसटलेले नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूकेकडे गेले: ६७७ जागा, १० परिषदा आणि त्याच दिवशी रनकॉर्नच्या पोटनिवडणुकीत ६ मतांनी खासदारकी. १९१९ मध्ये मजूर पक्षाने जी पहिली काउंटी परिषद जिंकली होती त्या डरहॅममध्ये रिफॉर्मला ९८ पैकी ६५ जागा मिळाल्या, मजूर पक्षाला ४. स्टार्मर यांनी बदलाचा वेग वाढवण्याचे जाहीर केले. रिफॉर्मने जिंकलेल्या केंटमध्ये प्रचार गाजला तो इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या निर्वासितांच्या बोटींवरून. जिंकल्यावर परिषदेत ताब्यात आले ते रस्ते, ग्रंथालये आणि वृद्धांच्या देखभालीचे तुटीचे अंदाजपत्रक.