हवाई बेटांवरच्या शेळ्या आणि सुबाभळीचं विष

सुबाभळीचा पाला शेळ्या चवीनं खातात. बांधावर दोन झाडं असली की ऐन उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्याची सोय होते. तरी जाणते पशुवैद्य बजावतात, की सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा, कडब्यात मिसळून द्या. कारण या पाल्यात मायमोसिन नावाचं विष असतं. त्यानं केस गळतात. कोठीपोटात त्याचं डीएचपी नावाचं रसायन होतं आणि ते थायरॉइड ग्रंथीचं काम बिघडवतं. जनावराची लाळ गळते, वजन वाढत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकांनी हे सगळं भोगलं. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र हाच पाला भरपेट खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी ताडलं, की फरक शेळीत नसून तिच्या पोटातल्या जिवाणूंत असावा. १९८०च्या दशकात त्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना पाजले गेले आणि विषबाधा थांबली. मोजक्या जनावरांना दिलेले जिवाणू पुढे कळपात आपोआप पसरले. १९९२मध्ये त्यांच्यातल्या एकाचं बारसं झालं: सिनर्जिस्टिस जोन्सी.

काय पचेल हे जनावर एकटं ठरवत नाही, हे आपल्याकडे अजून पुरतं उमगलेलं नाही. गवतातलं सेल्युलोज गाईला स्वतःला पचवता येत नाही. जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. म्हणून लग्नातला उरलेला भात नि पोळ्या पाटीभर गाईपुढे ओतणं ही भूतदया नव्हे. पिठूळ अन्न झपाट्यानं आंबतं, लॅक्टिक आम्ल साचतं, रवंथ थांबतो. गाय दगावतेसुद्धा.

माणसात हे आंबवण्याचं काम मोठ्या आतड्यात चालतं. भाकरी, मटकी, पालेभाजीतला न पचलेला चोथा तिथले जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारं ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. प्रतिजैविकांनी ही वस्ती उजाड झाली, की क्लोस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू माजू शकतो. त्यानं होणारे जुलाब थांबले तरी पुन्हा उलटतात. अशा रुग्णांवर नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी जोन्स यांच्यासारखाच मार्ग धरला. निरोगी माणसाच्या विष्ठेचं द्रावण त्यांनी नळीवाटे आतड्यात सोडलं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १६पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेला. नुसतं व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या १३पैकी चौघांनाच गुण आला.