संथपणाचा हिशेब: ‘उसकी रोटी’ ते ‘साबर बोंडं’

१९६९ हे वर्ष सिनेमावाल्यांच्या लक्षात राहिलं ते ‘आराधना’मुळे. राजेश खन्नाची लाट तेव्हाच उसळली. त्याच सुमारास फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने थोडक्या पैशांत वेगळं काही करू पाहणाऱ्यांना कर्ज द्यायला सुरुवात केली होती आणि त्यातून तीन चित्रपट आले. मृणाल सेनांचा ‘भुवन शोम’, बासू चटर्जींचा ‘सारा आकाश’ आणि मणि कौलचा ‘उसकी रोटी’. तिन्हींचं छायाचित्रण एकाच माणसाचं, के. के. महाजन यांचं. पहिले दोन लोकांनी पाहिले, त्यांना आवडले. तिसरा चित्रपटगृहांत रीतसर लागलाच नाही. तरीही ‘रटाळ’, ‘दुर्बोध’, ‘डोक्यावरून जाणारा’ या सगळ्या विशेषणांचा धनी पुढची पन्नास वर्षं तोच राहिला. काहींनी तो न पाहता नावं ठेवली, काहींनी न पाहताच डोक्यावर घेतला. संथ चित्रपटांच्या थोरवीबद्दल आपल्याकडे जे काही बोललं गेलं, त्यातली मूळ खोट मला इथेच दिसते. कीर्ती आणि अपकीर्ती, दोन्ही ऐकीव होत्या.

‘उसकी रोटी’ची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. मोहन राकेश यांच्या कथेतली बालो बसड्रायव्हर नवऱ्याची भाकरी घेऊन रोज हमरस्त्यावर येते आणि त्याच्या गाडीची वाट पाहते. एके दिवशी गावातल्या एकाने तिच्या बहिणीची छेड काढलेली असते, त्यात बालोला उशीर होतो आणि नवरा रागाने रोटी न घेताच गाडी हाकून निघून जातो. उरतं ते वाट पाहणं. कौलने इथे एक विलक्षण गोष्ट केली. चित्रपट त्याने दोनच भिंगांवर पेलला, एक २८ मिलीमीटरचं आणि दुसरं १३५ मिलीमीटरचं. रुंद भिंगातून घडणारं दिसतं, लांबच्या भिंगातून बालोच्या मनातलं. शेवटाकडे ही वाटणी उलटते. आधी हे ठाऊक नसलं तरी पाहताना आपल्याला काहीतरी सुटतंय असं वाटू लागतं, नवरा खरंच आला की तिला आल्यासारखा वाटला हे सांगता येईनासं होतं. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या बाईला रात्री जे वाटेल, तेच प्रेक्षकाला वाटतं. हे घाईने साधलंच नसतं. कणीक मळणारे हात, फडक्यात बांधलेली रोटी, रिकामा रस्ता यांवर कॅमेरा रेंगाळतो, कारण तिचा दिवस तिथेच खर्च होतो.

याच चित्रपटात मला खटकणारं एक आहे. पात्रं संवाद कोरड्या, सपाट स्वरात म्हणतात. कौलला नाटकीपणा टाळायचा होता आणि त्याच्यावर रॉबेर ब्रेसाँचा प्रभाव होता, हे खरं. पण बालो आणि तिची बहीण यांच्यातली भीती त्या सपाटपणात पातळ होते. एवढं सोडलं तर या चित्रपटाला मिळालेला मान मी रास्तच म्हणेन.

सत्यजित राय यांचं मत निराळं होतं. १९७१ मधल्या ‘अॅन इंडियन न्यू वेव्ह?’ या लेखात त्यांनी नव्या लाटेच्या दाव्यांबद्दल शंका घेतली आणि १९७४ मध्ये ‘गर्म हवा’, ‘अंकुर’, ‘माया दर्पण’ आणि कौलचाच ‘दुविधा’ यांच्यावर एकत्र लिहिताना शेवटच्या दोघांना चांगलंच फैलावर घेतलं. माणसांतला रस आटला की शैली पोकळ होते, असा त्यांचा रोख. ‘माया दर्पण’पुरतं मला रायांचं म्हणणं पटतं. कुमार शहानींनी निर्मल वर्मांच्या कथेतल्या तरनला हवेलीच्या व्हरांड्यांतून फिरवताना रंगांची जी योजना केली ती देखणी आहे, १९७२ चा सर्वोत्तम हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पण तिथली संथ गती तरनच्या जगण्यातून येत नाही, दिग्दर्शकाच्या विचारातून येते. मुलगी चालत राहते आणि आपण तिच्याऐवजी सिद्धान्त पाहत बसतो. ‘दुविधा’च्या बाबतीत मात्र रायांची नजर चुकली असं मी ठामपणे म्हणेन.

‘दुविधा’ची पारख करायची उत्तम संधी पुढे अमोल पालेकरांनी आपल्याला दिली. विजयदान देथा यांच्या त्याच लोककथेवर त्यांनी २००५ मध्ये ‘पहेली’ केला. शाहरुख खान, राणी मुखर्जी, गाणी, झळाळते रंग. नवविवाहितेवर भाळलेलं भूत व्यापाराला गेलेल्या नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं, एवढा कथेचा गाभा दोन्हींकडे सारखाच. ‘पहेली’त सगळं कळतं, प्रत्येक भावनेला एक गाणं आहे, दोन तास मजेत जातात. कौलच्या १९७३ च्या चित्रपटात नवऱ्याला आणि भुताला धड बोलूही दिलेलं नाही, बरीच गोष्ट निवेदनातून पुढे सरकते, चित्रं थबकतात. पण पांढऱ्या भिंतीसमोर लाल ओढणीतली ती वधू बसलेली असते तेव्हा तिला निवड करू देणारं जगात कुणीच नाही, हे ती न बोलताच पोचतं. ‘पहेली’ने नायिकेला सुखान्त दिला, ‘दुविधा’ने तिची कोंडी तशीच ठेवली. या चित्रपटासाठी कौलला सर्वोत्तम दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्य माणसाला मिळाला.

दरम्यान सरकारी पातळीवर वेगळीच गणितं चालली होती. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनवर ताशेरे ओढले. कर्ज द्यायचं तर चित्रपट चालण्याची शक्यता बघा, असा त्यांचा आग्रह. पैसा जनतेचा, तेव्हा प्रश्न गैर नव्हता. पण चित्रपट लावायला पडदेच नाहीत आणि चालण्याची शक्यता मात्र दाखवा, यात न्याय कुठला? चित्रपट काढायला पैसे मिळाले, दाखवायची व्यवस्था कुणी उभारलीच नाही. १९८० मध्ये हे कॉर्पोरेशन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, तरी ही अडचण काही सुटली नाही.

मग हे चित्रपट बघायचे कुठे? मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेलं प्रभात चित्र मंडळ, पुण्यात फिल्म अर्काइव्ह आणि फिल्म इन्स्टिट्यूट, गावोगावच्या लहान फिल्म सोसायट्या. या मंडळींचे आपल्यावर फार उपकार आहेत. स्वतः रिळांचे डबे वाहून त्यांनी एका पिढीला जगाचा सिनेमा दाखवला. मात्र त्या अंधाऱ्या सभागृहांत एक दडपणही असे. ज्या चित्रपटाला थोरांनी थोर ठरवलं तो कंटाळवाणा वाटला, असं चर्चेत म्हणायची चोरी. ‘कळला नाही’ हेच जणू श्रेष्ठत्वाचं लक्षण. त्यामुळे झालं काय, की खरोखर पोकळ चित्रपटही सुटून गेले आणि ज्यांना प्रामाणिक कंटाळा आला ते पुन्हा फिरकलेच नाहीत.

बाकीच्यांनी हे चित्रपट पाहिले ते ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी दुपारी. पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट जेवणानंतरच्या सुस्तीत सुरू व्हायचा, खाली इंग्रजी अक्षरं पळायची आणि घरातली निम्मी माणसं आडवी व्हायची. अडूर गोपालकृष्णन यांचा १९८१ चा ‘एलिप्पत्तायम’ घ्या. पडत्या घरातला ऐदी कर्ता पुरुष आणि त्याच्या तीन बहिणी. अडूरनी थोरलीला हिरवा, मधलीला निळा आणि धाकटीला लाल असा एकेक रंग दिलाय, त्या रंगांतून कोण सुटणार आणि कोण खचणार हे उमजत जातं. हा चित्रपट ज्याने घरातल्या काळ्यापांढऱ्या संचावर पाहिला, त्याच्या हाती काय लागणार? उंदीर पकडून तळ्यात बुडवण्याची तीच ती कृती. त्याला कंटाळा आला तर दोष त्याचा नव्हे, पण अडूरचाही नव्हे.

आणि आपल्या माणसांना संथपणाचं वावडं आहे असं तरी कसं म्हणावं? सवाई गंधर्व महोत्सवात थंडीत बसून विलंबित ख्यालाची एकेक आवर्तनं जागरूकपणे ऐकणारा श्रोता हा मराठी श्रोताच. सम कधी येणार याची ओढ त्याला असते, म्हणून तो थांबतो. मणि कौल स्वतः झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकला, १९८२ मध्ये त्याने ‘ध्रुपद’ नावाचा माहितीपट केला आणि आलापासारखीच चित्रांची बढत करता येते का, हे तो आयुष्यभर तपासत राहिला. फरक इतकाच, की आलापात रागाची चौकट ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. संथ चित्रपटाला आपली चौकट पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत प्रेक्षकाच्या हाती द्यावी लागते. ज्याला ते जमलं त्याचा संथपणा सार्थ, ज्याला नाही जमलं त्याचा वायफळ. माझी कसोटी एवढीच आहे.

परदेशातही कीर्तीचे चढउतार काही कमी नाहीत. १९६० मध्ये कानच्या महोत्सवात अंतोनिओनीच्या ‘लाव्हेंतुरा’ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, त्याच महोत्सवात त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला आणि दोन वर्षांत ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात तो जगातला दुसरा सर्वोत्तम चित्रपट ठरला. नंतर तो बराच खाली घसरला. उलट शांताल आकेरमानचा १९७५ चा ‘ज्यान दिएलमान’ हा सव्वातीन तासांहून मोठा चित्रपट २०१२ पर्यंत पहिल्या तिसांतही नव्हता, तो २०२२ मध्ये थेट पहिला आला. ब्रसेल्समधली एक विधवा तीन दिवस स्वयंपाक, आवराआवर, बटाटे सोलणं करत राहते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि ती पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, ते कुठे ठेवावं हेच तिला सुचत नाही. तोवरची सगळी कामं आपण पूर्ण लांबीने पाहिलेली असतात, म्हणून त्या पातेल्याने धस्स होतं. पहिला क्रमांक वगैरे मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, पण चित्रपट त्या योग्यतेचा आहे. आणि बाईचं रांधणं, बाईचं थांबणं हाच चित्रपटाचा विषय करण्याचं धाडस पंजाबातल्या एका हमरस्त्यावर त्याच्या सहा वर्षं आधी झालं होतं, हे ‘ज्यान दिएलमान’चं कौतुक करताना आपण तरी विसरू नये.

मराठीत हा प्रकार उशिरा आला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले आपले वेगळे चित्रपट, ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’, तिन्ही जब्बार पटेलांचे आणि तिन्हींची पटकथा तेंडुलकरांची. तो शब्दांचा सिनेमा होता. कॅमेरा थांबायचा तो नटाचं वाक्य संपेपर्यंत. रंगभूमीने घडवलेल्या प्रेक्षकाला तो सहज रुचला, कंटाळ्याची तक्रार तिथे कधी आलीच नाही. २००४ मध्ये ‘श्वास’ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी. त्या पुरस्काराने मराठी चित्रपटसृष्टीला जी उभारी दिली तिचं मोल मोठं आहे. पण चित्रपट म्हणून ‘श्वास’ आज पाहताना पार्श्वसंगीत आपल्याला सतत सांगत राहतं, आता गलबलून जा. आजोबा आणि नातू यांची गोष्ट या ढकलण्याशिवायही उभी राहिली असती. त्याच्या कीर्तीत काळाचा वाटा चित्रपटाहून मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत.

उमेश कुलकर्णीचा ‘विहीर’ त्यानंतर पाचेक वर्षांनी आला. नचिकेत आणि समीर हे नात्याने भाऊ आणि एकमेकांचे जिवलग, लग्नघर, विहिरीवरचं पोहणं, आणि मग एकाचा अचानक मृत्यू. मृत्यूपर्यंतचा भाग मराठीतल्या सर्वोत्तम चित्रणांपैकी आहे. नंतरची समीरची भटकंती मात्र भरकटते, तिथे विचार चित्रावर स्वार होतो. तरी मराठी कॅमेरा पहिल्यांदाच शब्दांची वाट न पाहता थांबायला शिकला तो इथे.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ने ही गोष्ट पक्की केली. २०१४ मध्ये व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार, पुढच्या वर्षी सुवर्णकमळ, आणि १७ एप्रिल २०१५ ला चक्क चित्रपटगृहांत. लोकशाहीर नारायण कांबळेच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला, असा खटला. कॅमेरा कोर्टाच्या मागच्या बाकावर बसल्यासारखा स्थिर. एका बाईने बिनबाह्यांचे कपडे घातलेत म्हणून न्यायाधीश तिची सुनावणी पुढे ढकलतात, पुढचं प्रकरण पुकारलं जातं, कुणी काही बोलत नाही. कॅमेरा कुणाच्याही चेहऱ्यावर झेपावत नाही, म्हणून ती तारीख आपल्याला तिच्याइतकीच झोंबते. सरकारी वकील बाई मुलाला पाळणाघरातून आणतात, घरी येऊन स्वयंपाकाला लागतात, आणि हीच बाई एका निरपराध म्हाताऱ्याला आत टाकायचा युक्तिवाद करते, हे मनात जोडायचं काम आपलं. त्या वेळी ‘काहीच घडत नाही’ असं म्हणत बाहेर पडणारे लोक होते. मला वाटतं, कोर्टात तारखेवर गेलेला कुणीही तसं म्हणणार नाही.

ताम्हाणेच्याच ‘द डिसायपल’मध्ये गायक होऊ पाहणारा शरद नेरुळकर रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकल चालवतो, कानात गायिका माईंचं व्याख्यान, चित्र मंदगतीने. माईंचा तो आवाज सुमित्रा भाव्यांचा. पहिल्यांदा हे दृश्य भारून टाकतं. पण ते परत परत येतं आणि दरवेळी नवं काही देत नाही. व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवणाऱ्या या चित्रपटाबद्दल मला आदर आहे, तरी ‘कोर्ट’च्या बरोबरीला मी त्याला बसवणार नाही. शिवाय तो आपल्याकडे पोचला घरातल्या पडद्यावर, जिथे बोट एका बटणावर असतं.

रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक विभागातलं सर्वोच्च पारितोषिक जिंकून आला आणि त्याच वर्षी इथे चित्रपटगृहांत लागला. वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेला आनंद, सुतकाचे दहा दिवस, लहानपणचा मित्र बाळ्या, आणि लग्न कधी करणार हा नातेवाइकांचा धोशा. इथे चौकट शोधावी लागत नाही. सुतकात घराची गती जशी असते तशीच चित्रपटाची आहे, दिवस मोजायचे आणि नियम पाळायचे, हे प्रत्येक मराठी घराला माहीत असतं. दोन पुरुषांमधलं प्रेम त्या दिवसांच्या आडोशाने वाढतं आणि आई ते ओळखून असते. मध्यंतरानंतर काही जागा आटोपशीर करता आल्या असत्या, असं मला वाटलं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना अजिबात तसं वाटलं नाही. बाहेर पडताना जिन्यावर आम्ही त्यावरून भांडलो आणि खाली चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत त्यांनी आईचं एक दृश्य मला असं काही उलगडून दाखवलं, की ते तरी कापू नये हे मला मान्य करावं लागलं.