मान दुखत नव्हती, तरी दुखणं मानेचंच होतं



आमच्या गटातल्या एका काकूंची सही बँकेत जुळेना. दोनदा कागद परत आला. आम्ही हसलो, म्हटलं, काकू, अक्षर विसरलात की काय! त्याच काकूंच्या हातून ताट निसटायचं, ब्लाऊजचे हुक सुनेकडून लावून घ्यायच्या, बांधावरून चालताना तोल जायचा. आम्ही सगळं वयावर ढकललं. मान फारशी दुखतच नव्हती, मग मानेकडे कोण बघणार?

मानेत सात मणके. त्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूकडून येणारा मज्जारज्जू खाली उतरतो आणि बाजूंनी हातांच्या नसा निघतात. वयाबरोबर मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, हाडाची टोकं वाढतात. नुसती मान आखडली, तर ती बहुतेकदा शेक, थोडा आराम आणि हलक्या हालचालीने सुटते. नस दबली, तर कळ खांद्यातून एका हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. कोणती बोटं बधिर होतात ते डॉक्टरांना नक्की सांगा, त्यावरून कोणती नस दबली याचा अंदाज येतो. हेही दुखणं बरेचदा औषध-व्यायामाने काही आठवड्यांत उतरतं.

पण मज्जारज्जूच दबला, तर दुखणं कमी आणि नुकसान जास्त. हुक, बटण, सुईत दोरा ओवणं जमेना, पाय जड, चाल डगमगती, लघवी आवरेना, यातलं काही दिसलं तर थांबू नका. काकूंचं एमआरआयमध्ये हेच निघालं. ऑपरेशन झालं, वाढायचं थांबलं. पण डॉक्टर म्हणाले, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. लवकर आणलं असतं तर, हे ऐकताना आम्ही माना खाली घातल्या.

मान कडकन मोडून देणाऱ्याकडे आधी जायची आपल्याकडे रीत आहे. आम्ही स्पष्ट सांगतो, अशा वेळी जाऊ नका. मानदुखीसोबत ताप, वजन घटणं, रात्री झोपू न देणारी वेदना असेल तर तपासणी हवीच. मणक्यालाही क्षय होतो, त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. डावा हात दुखतोय आणि छाती आवळतेय, घाम फुटलाय, तर ते मानेचं समजून बाम चोळत बसू नका. ते हृदयाचं असू शकतं, लगेच दवाखाना गाठा.

आणि कुणी झाडावरून, जिन्यावरून पडलं व मान दुखतेय म्हणालं, तर हाताला धरून उठवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. आहे तसं झोपू द्या, डोकं स्थिर धरा आणि 108 ला फोन लावा.