पेढीवर राहिलेला आणि पेढी सोडून गेलेला

अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली उभी राहिली, तेव्हा तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या गृहस्थांत कस्तुरभाई लालभाई आणि विक्रम साराभाई ही दोन नावे अग्रभागी होती. दोघेही जैन व्यापारी घराण्यांतले. कस्तुरभाईंना स्वतःला महाविद्यालयीन शिक्षण पुरे करता आले नव्हते. १९१२ साली वडील निवर्तले आणि सतरा वर्षांच्या या मुलाला गिरणीचा कारभार पाहण्यासाठी वर्गातून उठावे लागले. व्यापार शिकायला वेळच न मिळालेल्या माणसाने व्यापार शिकवणाऱ्या संस्थेला हात द्यावा, यामागे मोठी दूरदृष्टी होती. पुढे मुंबई-पुण्यातही अशा संस्था निघाल्या आणि आपल्या घराघरांतून मुले तिकडे जाऊ लागली. पाठवणाऱ्या वडिलांच्या मनात हिशेब सरळ होता: मुलगा दोन वर्षे शिकेल, परत येईल, आणि गादीवर बसून पेढीचा विस्तार करील. पुष्कळ मुले परत आली नाहीत. जी आली, त्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी आपल्या समाजात फारशी कोणी करत नाही.

ही चौकशी करण्याची एक संधी गेल्या वर्षी मिळाली. पुण्यातील एका व्यवस्थापन संस्थेतून १९९९ साली बाहेर पडलेल्या आमच्या साठ जणांच्या तुकडीत आम्ही अकरा जण जैन होतो. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी असे सगळे. पंथभेदाची चर्चा तेव्हा झाल्याचे आठवत नाही, कारण आम्हांला जोडणारा धागा फार व्यावहारिक होता. संध्याकाळचे तास सातपर्यंत चालत आणि सूर्य त्यासाठी थांबत नसे. खाणावळवाल्या मावशींशी बोलून आम्ही पाच-साडेपाचला कांदा-बटाट्याविना एक पंगत लावून घेतली होती. एरवी एकमेकांच्या वाटेलाही न जाणारी सांगली, बार्शी, लातूर आणि अहमदनगरची मुले त्या पंगतीत मित्र झाली.

पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही कुंभोजगिरीला, बाहुबली क्षेत्रावर दोन दिवस एकत्र जमलो. अकरापैकी नऊ जण आले. काहींना एखादे रिसॉर्ट हवे होते, पण तेथे चौविहाराची पंचाईत, म्हणून धर्मशाळाच ठरली. पहिला दिवस अशा भेटींत जातो तसाच गेला. कोणी बँकेत उपाध्यक्ष, कोणी दुबईत, एकाचा स्वतःचा औषधांचा कारखाना, एकाची तिसरी नोकरी सुटलेली. मुलांचे गुण, मुलींची स्थळे, गुडघे, रक्तदाब. केस विरळ झाले होते आणि बढाया अजून दाट होत्या, एवढे म्हणून ते प्रकरण संपवता येईल.

दुसऱ्या दिवशी मात्र सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली आणि पुढचे चार तास खाण्यापिण्याचा व्यत्यय नव्हता. त्यात बोलणे खरे झाले.

आमच्यातला सांगलीचा मित्र हळदीच्या पेढीवरचा. (ओली हळद कंद म्हणून वर्ज्य आणि वाळलेली ग्राह्य, या नियमावर त्याची वर्गात पुष्कळ थट्टा होई.) पदवी हाती पडताच तो सांगलीला परतला, ते वडिलांनी पत्रात एकच ओळ लिहिली म्हणून: धाकट्याला अभियंता व्हायचे आहे, तू ये. त्या काळी हरिपूरच्या पेवांत हळद साठवली जात असे. जमिनीत खोल खणलेली ती कोठारे म्हणजे पिढ्यांचे ज्ञान होते. माल वर्षानुवर्षे टिके, कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि ती व्यवस्था मोडून पडली. मित्राने गोदामे धरली, मालाचा विमा उतरवला, गोदामाच्या पावतीवर बँकेचे कर्ज काढून सावकारी व्याजातून पेढी सोडवली. हळदीच्या वायद्यांचा उपयोग भाव बांधून घेण्यासाठी कसा होतो, हे त्याने वडिलांना समजावून सांगितले. वडिलांनी त्याला ‘सट्टा’ म्हटले आणि वर्षभर ते घरात धुमसत राहिले. २०१९ साली कृष्णा पुन्हा गावात आली, तेव्हा त्यांचा माल उंचावरच्या गोदामात कोरडा होता.

या पंचवीस वर्षांत त्याने पगार घेतलेला नाही. घरखर्च पेढीतून, मुलीची फी पेढीतून, गाडी पेढीच्या नावावर. भागीदारीच्या करारपत्रात वडील आणि तो असे दोघेच, मोबदल्याचा रकाना कोरा. धाकटा भाऊ बेंगळुरूला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर आहे. वडिलांचे वय एकोणऐंशी. गेल्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर धाकट्याने सहज विचारले, ‘दादा, पेढीत माझे किती?’ मित्राला उत्तर देता आले नाही. राग आला, आणि तो कशाचा, हेही सांगता येईना. भावाचा प्रश्न गैर नव्हता, हे त्याला कळत होते.

खोलीत शांतता पसरली. मग बार्शीचा मित्र बोलू लागला. तो तिकडच्या धान्याच्या आडतीवरचा. नोकरीत गेला तो परतलाच नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी कंपनीने पद रद्द केले, तेव्हा त्याने प्रथमच बार्शीच्या दुकानातल्या आपल्या वाट्याचा विचार केला होता. त्याची आजवरची समजूत अशी की थोरल्या भावाला आयते दुकान मिळाले आणि आपल्याला काहीच नाही. सांगलीकराचे ऐकून तो म्हणाला, ‘तू सांगतोस तो भाऊ मीच आहे.’

मग वर्गात एखादे उद्योगप्रकरण सोडवायचो तसे तिघेचौघे कागद घेऊन बसले. थोरल्याने पंचवीस वर्षे केलेले काम पगारी माणसाकडून करून घेतले असते, तर काय पडले असते? त्यातून घरखर्च म्हणून उचललेले वजा करावे का, आणि त्या घरात आईवडीलही राहत असतील तर किती? धाकट्याच्या शिक्षणाची फी दुकानाने भरली, ती त्याच्या नावे टाकावी की वडिलांचे कर्तव्य म्हणून सोडावी? वडिलांच्या बायपासचे पैसे धाकट्याने दिले, रात्री रुग्णालयात थोरला बसला. भांडवल वडिलांचे, वाढ कोणाची? कर्जाचे, मालाचे, नावलौकिकाचेही मूल्य कसे काढावे, हे आम्हांला शिकवले होते. स्वतःच्या घरावर ते ज्ञान कोणी वापरले नव्हते. दर संवत्सरीला हे भाऊ एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणत आले आहेत. क्षमा दरवर्षी मागितली जाते, वही मात्र उघडली जात नाही.

बाहेर अंधारात बाहुबलींची २८ फुटी संगमरवरी मूर्ती उभी होती आणि कोणाला तरी तेथेच सुचले की आपण कोणाच्या पायाशी बसून हे बोलत आहोत. ऋषभदेवांनी दीक्षेपूर्वी, स्वतःच्या हयातीत, पुत्रांना राज्य वाटून दिले होते. तरी भरत आणि बाहुबली समोरासमोर आले. वाटणीने भांडण टळतेच, असे पुराणही म्हणत नाही. परंतु त्या कथेत दोघांची राज्ये कोणती, याविषयी संदेह नव्हता. आपल्या घरांत तोही असतो. त्याच ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या दिली, याची आठवण आमच्या लातूरच्या मैत्रिणीने करून दिली. अंकविद्या मुलीला मिळाली होती, असे ती दोनदा म्हणाली.

ती माहेरची अहमदनगरची, वित्त विषयात तुकडीत पहिली आलेली. लातूरला डाळ मिलच्या घरी पडली आणि बारा वर्षे तिने आकडेमोड फक्त किराण्याच्या यादीची केली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुनीमजींनी हात टेकले, तेव्हा सासऱ्यांनी तिला ‘जरा बघतेस का’ असे विचारले. आज मिलचा सारा आर्थिक कारभार ती पाहते. तिचे नाव मात्र अद्याप कोणत्याही करारपत्रात नाही. माहेरी तिने लग्नानंतर दोन वर्षांनी हक्कसोडपत्रावर सही केली होती. त्या दिवशी भावाने दिलेली पैठणी तिने अजून नेसलेली नाही.

येथे काही गोष्टी स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्या रात्री नऊपैकी पाच जणांना त्या नीट ठाऊक नव्हत्या. वारसाविषयीचा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीत मुलगीही मुलाप्रमाणे जन्मतः हक्कदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. भागीदारीचा कायदा १९३२ चा. करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. भागीदार दोनच असतील, तर काहीही लिहिलेले असो, मागे राहिलेल्या एकट्याची फर्म होऊ शकत नाही. म्हणजे सांगलीच्या मित्राची पेढी कायद्याच्या दृष्टीने एका एकोणऐंशी वर्षांच्या गृहस्थांच्या आयुष्यावर उभी आहे. तसेच काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला करारपत्रात लिहिलेला असला, तरच तो कायद्याच्या मर्यादेत आयकरासाठी फर्मच्या खर्चात धरता येतो. कोरा रकाना मायेपोटी कोरा राहिला असेल. तो महागात पडतो, हे आपल्यासारख्या हिशेबी समाजाला कोणी सांगायला नको होते.

हे वडील हयात असताना लिहून ठेवावे, की लिहिण्याने घराचे मन दुभंगते? सोलापूरच्या मित्राचे मत दुसरे होते. त्याच्या घरी वकिलाला बोलावले त्या दिवसापासून आई जेवेनाशी झाली, म्हणून त्याने तो विषयच बंद केला. त्याची अडचण खोटी नाही. तरीही मला स्वतःला वाटते की वडिलांच्या तोंडून ऐकलेला आकडा मुले स्वीकारतात आणि वडिलांच्या पश्चात तोच आकडा वकिलाच्या पत्रातून आला, तर त्यात कपट शोधतात.

त्यानंतरच्या महिन्यांत काय घडले, तेवढे सांगतो. सांगलीच्या मित्राने भावाला आणि निपाणीला दिलेल्या बहिणीला एकत्र बोलावले. बहिणीला अशा बैठकीला बोलावण्याची त्यांच्या घरातली ही पहिलीच वेळ. त्याची मुलगी सनदी लेखापाल झाली आहे आणि तिला पेढीवर यायचे आहे. हळदीच्या सौद्यात मुलगी कशी उभी राहणार, असे आजोबांनी विचारले. ती दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात जाऊन उभी राहिली. नव्या करारपत्राच्या मसुद्यात तिचे नाव तिसरे भागीदार म्हणून आहे, तिच्या वडिलांचा मोबदला गेल्या एप्रिलपासून लिहिला आहे. बहिणीच्या हिश्श्याचे कलम अजून रिकामे आहे आणि आजोबांनी सही केलेली नाही. मसुदा त्यांनी गादीखाली ठेवला आहे. परत मात्र केलेला नाही.

बार्शीच्या मित्राने त्या रात्रीचा कागद स्वच्छ लिहून थोरल्या भावाला पाठवला. त्यात दुकान आपल्याला भावाचे किती देणे लागते हे न मांडता, भावाला दुकानाकडून न मिळालेला पगार आधी मांडला होता. पाच महिने उत्तर आले नाही. मग एके दिवशी दूरध्वनी आला. भाऊ म्हणाला की आकडे बरोबर आहेत, व्याजाचा दर मात्र कमी धरला आहे. सध्या दोघांचे बोलणे त्या दरावर चालू आहे.